मालिकेचा शेवट मी ऐकलाय

मी एक कानाचं मशीन आहे. खोक्यावर 'श्रवणयंत्र' असं भारदस्त नाव छापलेलं होतं, पण घरात त्या नावानं मला कुणी हाक मारली नाही. "आधी मशीन घाला, मग बोलते," असंच सगळे म्हणत. बोलणं हा खरं तर माझा धंदा नव्हे. बाहेरचं उचलायचं, मोठं करायचं आणि आत पोचवायचं, एवढंच माझं काम. पदरचं एक अक्षरही मी कधी घातलं नाही. आज घालतोय, कारण एक गोष्ट माझ्यापाशी अडकून पडली आहे.

माझा जन्म एका थंडगार खोलीत, पांढऱ्या दिव्याखाली झाला. भिंगातून बघणाऱ्या बायकांनी चिमट्यानं माझे अवयव जोडले. तिथून मी खोक्यात बसून कान तपासणाऱ्या बाईंच्या कपाटात आलो, आणि तिथून बाबांच्या उजव्या कानामागे.

बाबा म्हणजे माझे मालक. त्यांनी सगळं आयुष्य टाक्या बनवायच्या कारखान्यात पत्रा ठोकण्यात घालवलं होतं. पत्रा सरळ झाला आणि कान गेले. मला पहिल्यांदा लावलं तेव्हा ते दचकले. पेपरची घडी उलगडतानाही आवाज होतो, हे ते विसरून गेले होते.

"आता जरा हळू बोल," ते आईला, म्हणजे त्यांच्या बायकोला, म्हणाले.

"इतकी वर्षं ओरडून ओरडून माझा गळाच तसा झालाय," आई म्हणाली. "मशीन तुम्हाला बसवलं, मला नाही."

घरात तिसरी त्यांची लेक. ती टीव्हीवरच्या मालिका लिहायची. म्हणजे दुसऱ्यांनी ठरवलेल्या गोष्टीत संवाद भरायची. सासू काय म्हणाली, सून काय म्हणाली, असं. त्याचं तिला फारसं कौतुक नव्हतं. पण मी आलो त्या वर्षी तिच्या स्वतःच्या डोक्यातली गोष्ट एका चॅनेलनं घेतली. मालिकेचं नाव 'विरळ'.

गोष्ट अशी होती. कुठल्याशा लांबच्या ग्रहावर माणसांनी वस्ती केली आहे. तिथली हवा इतकी विरळ, की आवाज पोचतच नाही. तिसऱ्या पिढीला बोलणं म्हणजे काय तेच माहीत नाही. सगळं हातांनी आणि डोळ्यांनी चालतं. आणि एक दिवस एका मुलीच्या तळपायांना जाणवतं, की जमिनीखालून कुणीतरी ठोकतंय.

पहिला भाग लागला तेव्हा मी बाबांच्या कानात होतो. पडद्यावर तांबूस माती, माणसांच्या लांबच लांब सावल्या, आणि आवाज अजिबात नाही. बाबांनी माझं आवाजाचं चाक पुढे-मागे फिरवलं. बॅटरी गेली असं त्यांना वाटलं.

"अहो, आवाज नाहीच आहे," आई म्हणाली. "आम्हालाही काही ऐकू येत नाहीये."

बाबांनी आईकडे बघितलं, मग पडद्याकडे. मग त्यांनी मला काढून टीपॉयवर ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली. कधी नव्हे ते त्यांना कुणाला "काय म्हणाला?" असं विचारावं लागलं नाही. उलट मधेच आईनं त्यांना कोपरानं ढोसून खुणेनं विचारलं, आणि बाबांनी हात हलवून तिला समजावलं. खरं सांगतो, टीपॉयवर पडल्या पडल्या मला जरा अपमान वाटला. माझ्यावाचून त्यांचं काही अडत नव्हतं. पण लेक दाराशी उभी राहून टीव्हीकडे नाही, बाबांकडेच बघत होती. तिचा चेहरा बघितल्यावर माझा राग गेला.

पुढचे काही आठवडे माझी चंगळ होती. जिथं जावं तिथं 'विरळ'चंच बोलणं. सलूनमध्ये, बस थांब्यावर, औषधाच्या दुकानात. "खाली कोण असेल हो?" हा एकच प्रश्न. सलूनवाला गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा धरून सांगायचा, की खाली पाणी आहे आणि ते उकळतंय. औषधवाल्याचं म्हणणं, एखादं जुनं यंत्र चालू राहिलं असेल. आई म्हणाली, "उंदीर असतील. दुसरं काय असतं जमिनीखाली?" त्यावर लेक इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं.

ही मालिका आपल्या लेकीची आहे, हे बाबा कुणाला सांगत नसत. नुसते ऐकत. घरी आल्यावर मात्र एकेक वाक्य तिला सांगत, आणि ती जेवता जेवता हात थांबवून ऐके.

मग बिनसलं. एका दुपारी लेक गॅलरीत उभी राहून फोनवर बोलत होती. पलीकडे निर्माता होता.

"पण आवाज आला तर गोष्टच संपते," ती म्हणत होती. "नाही, मी समजते तुमची अडचण. पण जाहिरातीनंतर लोक परत येत नाहीत, याचा अर्थ त्यांना गाणी हवीत असा कसा होतो?"

सहाव्या भागात एका शास्त्रज्ञानं गळ्यात घालायचा पट्टा शोधून काढला आणि सगळा ग्रह धडाधडा बोलायला लागला. मग वस्तीच्या प्रमुखाला दोन बायका मिळाल्या. दोघींची एकमेकींशी नजरानजर झाली की ढोल वाजायचा, आणि तीच नजर तीनदा दाखवायचे. जमिनीखाली जे कुणी होतं, ते बिचारं ठोकतच राहिलं असेल. वर त्याची चौकशी करायला कुणाला सवड नव्हती. बाबा मला पुन्हा कानात घालून टीव्हीसमोर बसायला लागले, आणि एवढ्या ढोलांमधून शब्द वेचता वेचता माझा जीव मेटाकुटीला यायचा.

बाहेरचं बोलणंही फिरलं. सलूनवाला आधी नुसता हळहळला. "काय सुरुवात होती, आणि काय माती केली." मग हळहळ संपली आणि टिंगल सुरू झाली. खुर्चीत बसलेला एक बँकेतला माणूस म्हणाला, "लिहिणारीला स्वतःलाच माहीत नसणार खाली कोण आहे ते. सुचलं, लिहून टाकलं. पुढचं ठरवायला डोकं लागतं."

शेजारच्या खुर्चीत बाबा होते. अर्ध्या गालावर साबण होता. त्यांचा हात कापडाखालून बाहेर आला, कानामागे आला आणि त्यांनी माझं चाक बंदवर नेलं. उरलेला गाल सलूनवाल्यानं अंधारात केला. म्हणजे माझ्या अंधारात.

त्याच संध्याकाळी लेक बाबांच्या समोर येऊन बसली. तिनं हातानं खूण केली, मशीन चालू आहे का? बाबांनी मान हलवली.

"बाबा, मला खरं सांगा. उद्या चॅनेलवाल्यांशी बैठक आहे. त्यांना ते जमिनीखालचं प्रकरण पूर्ण काढून टाकायचंय. म्हणतात, लोकांना आता हेच आवडतंय. माझा विश्वास नाही. पण मी दिवसभर लिहीत बसते, मला बाहेरचं काही कळत नाही. तुम्ही बाहेर असता. लोक काय म्हणतात?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. कित्येक दिवस तिचं जेवणात लक्ष नव्हतं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्यांनी चहाचा कप उचलला आणि परत ठेवला.

"आवडतंय लोकांना," ते म्हणाले. "चांगलं म्हणतात."

"आत्ताचं?"

"हो. आत्ताचंही."

लेक उठली. मग म्हणाली, "असेल. मीच हट्टाला पेटले असेन."

दुसऱ्या दिवशी ती बैठकीला गेली आणि हो म्हणून आली. मी बाप-लेकीचं बोलणं ऐकलं होतं. बँकेतल्या माणसाचंही ऐकलं होतं. पण मला शिट्टी वाजवण्यापलीकडे काही येत नाही. त्या रात्री जेवताना मी बरीच शिट्टी वाजवली. माझा कानात बसणारा साचा नीट बसला नाही म्हणून मी वाजतोय, असं समजून बाबांनी मला आणखी दाबलं.

हे फार दिवस झाकून राहणारं नव्हतं. माझी आणि कानांची तपासणी करून घ्यायला बाबा निघाले तेव्हा लेक सोबत आली. कान तपासणाऱ्या बाईंकडे गर्दी होती. ऐकू न येणारी माणसं आणि त्यांच्यासोबत आलेली माणसं, त्यामुळे खोलीत सगळेच मोठ्यानं बोलत होते. आमच्या पुढच्या बाकावर दोघी बहिणी होत्या.

"काल बघितलंस का ते 'विरळ'? आमच्याकडे आता हसायला म्हणून लावतात."

"पहिले पाच भाग मी श्वास रोखून बघितले गं. आता लाज वाटते, की मी लोकांना बघा बघा म्हणून सांगत होते. फसवलं आपल्याला."

"फसवलंच. तेवढी एक गोष्ट तरी सांगायची, खाली कोण होतं."

 लेकीनं हळूच मान वळवली.

"बाबा, असं बोलतात लोक?"

बाबांनी कानाकडे बोट केलं. "काय म्हणालीस? मशीन बंद आहे."

लेकीनं हात पुढे केला आणि बोटानं माझं चाक चाचपलं. चाक चालूवर होतं, आवाजही पुरता वाढवलेला. तिचं बोट बराच वेळ तिथंच राहिलं.

"तुम्ही हे रोज ऐकत होता," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

"तू जेवत नव्हतीस," बाबा म्हणाले.

"मी तुमच्या शब्दावर सोडून दिलं, बाबा. तुम्ही एकदा म्हणाला असता, की लोक त्या ठोकण्याचं विचारतायत, तर मी भांडले असते. काढून टाकलं असतं मला, तरी भांडले असते."

पुढच्या बाकावरच्या बहिणी मागे वळून बघायला लागल्या. आतून बाबांचा नंबर पुकारला. लेक उठून बाहेर गेली, आणि बाबा एकटेच आत गेले. बाईंनी हेडफोन लावून सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. बाबांनी एकदाही बटण दाबलं नाही. त्यांना ऐकू येत होतं, हे मी शपथेवर सांगतो.

मालिका पुढे लवकरच बंद पडली. शेवटच्या भागात वादळ आलं आणि सगळा ग्रहच गडप झाला. वादळ लेकीनं लिहिलं नव्हतं, पण नाव तिचंच होतं. लोकांनी तिच्या नावानं चार दिवस शिव्या घातल्या आणि मग विसरून गेले. ते विसरणं तिला शिव्यांपेक्षा जास्त लागलं, असं आई म्हणायची. लेकीनं दुसऱ्या शहरात एका कंपनीत नोकरी धरली. यंत्रांसोबत येणारी माहितीपुस्तकं लिहायची. फोन यायचा, पण आईला. बाबा फोनजवळ बसून राहायचे. "त्यांना देऊ का?" आई विचारायची. मग थोडं ऐकून म्हणायची, "बरं. ठेव."

बाबांचे कान त्यानंतर झपाट्यानं गेले. माझ्यात जेवढा जोर होता तेवढा लावला, पण त्यांच्यापर्यंत आता नुसती घरघर जायची. ही गोष्ट बाबांनी कुणाला सांगितली नाही. आईलाही नाही; ओठांवरून जेवढं कळेल तेवढ्यावर ते निभावून न्यायचे.

आणि एका सकाळी लेक आली. आई बाजारात गेली होती. बाबा खिडकीपाशी बसून शेंगा सोलत होते. लेक शेजारी बसली आणि तीही सोलायला लागली. नजर शेंगांवर ठेवून, बाबांकडे न बघता ती बोलायला लागली. ओठ बाबांना दिसत नव्हते.

"मला माहीत होतं, बाबा, खाली कोण ते. अगदी पहिल्या दिवसापासून. लोकांना वाटलं, मला माहीत नव्हतं."

मी कान टवकारले. माझ्याकडे तेवढंच आहे.

"ती माणसंच होती. वस्ती बांधताना खाणीचं एक तोंड ढासळलं होतं. वरच्यांना वाटलं, खालचे मेले. खालच्यांना वाटलं, वरचे मेले. तरी खालची माणसं पिढ्यान्‌पिढ्या ठोकत राहिली. आशा म्हणून नाही; घरात जुनं काम असतं ना, ते करायचं म्हणून करतात, तसं. शेवटच्या भागात ती मुलगी गुडघ्यांवर बसते आणि वरून मुठीनं उलटं ठोकते. आणि खालचं ठोकणं थांबतं. कारण ते ऐकतायत. बस. तिथं संपवायचं होतं मला."

तिच्या हातातली शेंग तशीच होती. माझ्यातून बाबांच्या कानात नुसती घरघर गेली. थोड्या वेळानं तिनं मान वर केली. ती वाट बघत होती.

बाबांनी तिच्याकडे बघितलं. त्यांना मान हलवता आली असती. नुसतं "छान" म्हणता आलं असतं. त्यांचे ओठ हललेही. मग त्यांनी मला कानातून काढलं आणि तळहातावर तिच्यापुढे धरलं.

"मला यातलं एक अक्षरही ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "बरेच दिवस येत नाही. तू परत सांग. माझ्याकडे बघून सांग. हळूहळू."

लेक माझ्याकडे बघत राहिली. तिनं तोंड उघडलं, पण गोष्ट काही पुन्हा आली नाही. तिनं बाबांच्या हाताची मूठ माझ्यावर मिटवली आणि ओठ मोठे हलवत म्हणाली, "नंतर सांगते." मग सालं गोळा करून आत गेली.

आता बाबांना नवं, जास्त ताकदीचं मशीन आलं आहे. कान तपासणाऱ्या बाई म्हणतात, त्यानं थोडंफार कळतं. लेक महिन्यातून एकदा येते. दोघं हवापाण्याचं बोलतात, गुडघेदुखीचं बोलतात. ते 'नंतर' अजून आलेलं नाही, आणि बाबा विचारायला धजत नाहीत.

मी कपाटातल्या डबीत आहे, बॅटरी अजून कुणी काढलेली नाही. तुम्हीही ती मालिका बघितली असेल, हसला असाल, "लिहिणारीला काही ठाऊक नव्हतं" असं म्हणाला असाल. तुमचा राग खोटा नव्हता. पण तिला ठाऊक होतं. कधी तुमची तिची गाठ पडली, तर एवढंच करा. तिला विचारा, खाली कोण होतं. आणि ती सांगायला लागली, की तिच्याकडे बघा.