गोधडी फेकली तो दिवस

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे आणि मला तीनच कोपरे आहेत. चौथा केशरबाईच्या बकरीनं खाल्ला, तेव्हा मी दोरीवर वाळत होते. कामरगावच्या बाजूला एक लहानसं खेडं आहे, तिथल्या अंगणवाडीत मी राहते.

मला केशरबाईनंच शिवलं. ती या अंगणवाडीची मदतनीस. आईची दोन लुगडी, नवऱ्याचा सदरा आणि मुलाच्या, म्हणजे विनोदच्या, शाळेच्या पँटी एकावर एक अंथरून महिनाभर तिचा धावदोरा चालला होता. टाके वाकडे आहेत, पण एकही उसवलेला नाही, हे मी जरा तोऱ्यातच सांगते. विनोदला ताप आला की ती त्याला डोक्यापासून पायापर्यंत माझ्यात गुंडाळायची. घाम यायचा, ताप उतरायचा आणि कौतुक माझं व्हायचं. "माही गोधडी म्हंजे दवाखाना हाय," असं ती गल्लीभर सांगायची. असं ऐकायला कोणाला आवडणार नाही?

पुढे विनोद नोकरीला पुण्याला गेला आणि मी लोखंडी पेटीत गेले. दोन वर्षं डांबराच्या गोळ्यांचा वास घेत पडले होते. मग अंगणवाडीला जोडून पाळणाघर सुरू झालं. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया सकाळी आपली लहान मुलं तिथं सोडू लागल्या आणि केशरबाईनं मला पेटीतून बाहेर काढलं. तेव्हापासून किती मुलं माझ्यावर झोपली, किती मुतली, याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

ती गोष्ट दिवाळीनंतरची. वेचणी जोरात होती. रंजीता आपल्या बादलला घेऊन आली. अडीच वर्षांचा बादल एरवी माझं फाटकं टोक धरून मला अंगणवाडीभर ओढत फिरवायचा. त्या दिवशी तो आईच्या खांद्यावरून मान उचलेना. आमच्या सेविका रूपाताई मीटिंगला कारंज्याला गेल्या होत्या. केशरबाईनं बादलच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार लागलं.

"झोप नाई झाली त्याची," रंजीता म्हणाली आणि मजुरांचा ऑटो चुकू नये म्हणून लगबगीनं गेली.

अकराच्या सुमारास बादल कुडकुडायला लागला. केशरबाईनं मला उचललं. खरं सांगते, मला आनंदच झाला. बऱ्याच दिवसांनी माझं जुनं काम मला मिळालं होतं. तिनं मला दुहेरी केलं, बादलला गळ्यापर्यंत गुंडाळलं आणि खिडक्या लावून घेतल्या. थर्मामीटर कपाटातच होता. तो काढायचं तिला सुचलं नाही, कारण तिचा भरवसा माझ्यावर होता.

घाम काही येईना. बादलचं अंग तापत गेलं आणि मीही तापत गेले. आधी तो कण्हत होता, मग कण्हणंही थांबलं. मला वाटलं, झोपला. तेवढ्यात त्याचे डोळे वर गेले आणि हातपाय झटके द्यायला लागले. मी त्याला धरून होते, पण मला काय कळणार? मी घाबरले, मित्रांनो.

केशरबाईनं रूपाताईंना फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला, तेव्हा तिनं गुंडाळण्यापासून झटक्यापर्यंत सगळं एका दमात सांगितलं.

"पहिले ते गोधडी काढा, मावशी!"

"अवं ताई, थंडीनं हातपाय मारून राह्यलं लेकरू!"

"थंडी नाई, तापाचा झटका हाय तो. काढा! कुशीवर निजवा त्याले, खिडक्या उघडा. घड्याय पाहा, किती येळ चालते ते. मी एकशे आठले फोन लावून राह्यली."

शेजारची ललिताबाई कांदा हुंगवायला धावत आली होती. तिचं बोलणं ऐकून रूपाताई फोनवरूनच ओरडल्या, "नाकातोंडात काई घालू नका!"

केशरबाईनं मला ओढून काढलं आणि फेकलं. मी दारातल्या चपलांवर जाऊन पडले. ज्या हातांनी मला शिवलं, त्याच हातांनी! फार लागलं मला ते. पण तिथूनच मला बादल दिसत होता. दोन मिनिटांनी झटके थांबले. त्याची छाती वरखाली होताना पाहिली आणि माझा सगळा राग गेला.

गाडी आली, त्याला घेऊन गेली. पाचव्या दिवशी बादल परत आला, चालत. रूपाताईंनी रंजीताला खाली बसवून नीट विचारलं. रंजीता आधी रडली, मग म्हणाली, "सकायी मी त्याले तापाचं औषध पाजलं होतं. आंग गार लागलं पाह्यजे म्हनून. नाईतर तुमी त्याले घेतलं नसतं, अन माही मजुरी बुडाली असती."

केशरबाई तिथं गप्प बसली असती, तर सगळा दोष रंजीताच्या माथी गेला असता. पण ती बोलली.

"म्या बी त्याले डबल गुंडाळलं होतं, माय. खिडक्या लावून. मले वाटलं, घाम सुटन."

रूपाताई दोघींवरही रागावल्या नाहीत. झटका गोधडीमुळेच आला असं नाही, पण तापलेलं अंग असं कोंडून ठेवायचं नसतं, एवढंच त्यांनी सांगितलं. आता दारातच विचारतात, रात्री ताप होता का, औषध कधी दिलं. थर्मामीटर केशरबाईच्या कमरेच्या पिशवीत असतो. आजारी मूल खिडकीजवळ वेगळ्या सतरंजीवर निजवतात आणि लगेच आईला फोन जातो.

बादल परत आला त्या दिवशी केशरबाईनं मला घडी करून काखेत मारलं होतं. परत पेटीत जायची माझी वेळ आली होती. पण बादलनं माझं फाटकं टोक धरलं आणि सोडेना. केशरबाईनं आधी त्याच्या मानेला हात लावला. थर्मामीटर लावून पाहिला. मग मला जमिनीवर अंथरलं.

म्हणून सांगते, मित्रांनो, थंडीत मला जरूर अंगावर घ्या. पण धाकट्या भावंडाचं अंग तापलेलं असेल, तर मला बाजूला ठेवा आणि मोठ्या माणसांना खरं ते सांगा, कोणी कितीही रागावलं तरी. मला फेकलंत तरी चालेल. चपलांवरून बादल मला चांगला दिसत होता.