कोपऱ्यावरचा ओरखडा

मी एक जुना सौरघट आहे, नखाएवढा. जुना म्हणालो म्हणून हसू नका, मित्रांनो. आमच्या कुळात महिनाभर टिकला तो म्हातारा!

सिझियम, शिसे आणि आयोडीन यांचे द्रावण काचेवर गरगर फिरवून, भाजून मला घडवले. तेव्हा मी काळाकुळकुळीत होतो. काळे आहोत तोवरच आम्ही उन्हाची वीज करतो. उष्णता आम्ही सहज सोसतो, पण दमट हवा लागली की पिवळे पडतो आणि मग कुचकामी ठरतो.

मला घडवणाऱ्या बाईंना प्रयोगशाळेत सगळे ताई म्हणत. माझ्या अंगावरच्या बारीक खड्ड्यांत वीज वाया जात होती. ताईंनी वरून एका क्षाराचा पातळ थर दिला आणि काय सांगू, माझी वीज एकदम वाढली! सगळे मला बघायला आले. मीही जरा भाव खाल्ला.

ताईंचे वडील घड्याळे दुरुस्त करीत. आता ते अंथरुणाला खिळले होते. आपला आवडता चिमटा त्यांनी लेकीला दिला होता, आणि ताई त्यानेच मला उचलत असत. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येई.

"काय गं, काळा आहे ना अजून?"

"आहे हो बाबा. बाहेरच्या हवेत टिकू दे, मग तुमच्या हातातच आणून ठेवते."

"अगं, पिवळा पडला तरी आण. तू केलेलं बघायचंय मला."

"अर्धवट काय दाखवू, बाबा? थोडं थांबा."

ताईंनी मला उघड्या हवेत ठेवले. काही दिवसांतच माझा एक कोपरा पिवळा पडला. मग तो पिवळेपणा अंगभर पसरला. मला फार लाज वाटली. ताईंनी भिंगाखाली पाहिले, तर त्या कोपऱ्यावर ओरखडा होता. चिमट्याचे टोक थरात रुतले होते आणि तिथूनच दमट हवा आत शिरली होती. बाबांचाच चिमटा! ताई कितीतरी वेळ तो हातात धरून बसल्या. बाबांना मात्र त्यांनी हे सांगितले नाही.

नव्या, मऊ टोकाच्या चिमट्याने त्यांनी माझा धाकटा भाऊ घडवला. तो हवेत काळाच राहिला. त्याला डबीत घालून ताई धावतच घरी गेल्या. बाबा सकाळीच गेले होते. ताईंनी डबी त्यांच्या थंड तळव्यावर ठेवली आणि हंबरडा फोडला.

आता मी त्या जुन्या चिमट्याशेजारी खणात असतो. संध्याकाळी ताई खण उघडतात आणि हळूच म्हणतात, "काळा आहे हो बाबा, अजून." माझा पिवळा रंग त्यांना दिसतो, तरीही म्हणतात.

मित्रांनो, वस्तू जपा, हे तर खरेच. पण तुमची वाट बघणारे माणूस त्याआधी जपा. केलेले अर्धवट असले तरी त्याला दाखवून या. मी पिवळा पडलो, तर माझ्या जागी भाऊ आला. संध्याकाळी तो फोन मात्र आता कोणी करत नाही.