एकशे वीस लिटर पाणी

आमच्या विमानतळावर सगळेच जरा सढळ हाताचे. जेवण चढवणारा चार डबे जास्त चढवतो, सामान चढवणारा कुणाची तरी राहिलेली पेटी "जाऊ दे" म्हणत आत ढकलतो, आणि पाणी भरणारे तर टाकी गळ्यापर्यंत भरल्याशिवाय पाइप काढत नाहीत. विचारलं तर एकच उत्तर, "असू द्या हो, लागलं तर?" हे 'लागलं तर' कुठल्याच कागदावर चढत नाही. विमानाला मात्र ते उचलावं लागतं. मी वजनखात्यात बसतो, त्यामुळे मला दिसतं.

पाणीताईला ते माझ्याही आधी दिसलं. ती पाण्याची गाडी चालवते. विमान आलं की बेसिनच्या नळांना जाणाऱ्या टाकीतलं उरलेलं पाणी काढायचं आणि ताजं दोनशे लिटर भरायचं, हे तिचं काम. चार महिने तिनं प्रत्येक वेळी टाकीतलं पाणी दाखवणाऱ्या काट्यावरचा आकडा टिपून ठेवला आणि एका सकाळी वही घेऊन आमच्या खात्यात साहेबांसमोर उभी राहिली.

"साहेब, जाऊन येऊन जास्तीत जास्त शहाण्णव लिटर संपतं. भरतो दोनशे. एकशे वीस पुरे."

"ऐंशी लिटरनं असा काय फरक पडणार?"

"तुमचं वजन किती?"

साहेब चपापले. "ऐंशी... च्या आसपास."

"म्हणजे प्रत्येक विमानात आपण तुम्हाला बिनतिकीट फिरवतो. दिवसातून पाचदा. बत्तीस विमानांत."

मला हसू आवरेना, म्हणून मी मान खाली घालून आकडेमोड करायला लागलो. आकडा निघाला आणि हसू पळालं. दिवसाकाठी सातशे किलोंच्या वर इंधन, आणि त्याचा दोन टनांहून जास्त धूर. कशासाठी? न वापरता गटारात ओतायच्या पाण्यासाठी! मी कागद सरकवला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि चक्क खुर्चीतून उठले.

"एक दिवस देतो. एक विमान, तीन फेऱ्या. पण एकदा जरी नळ कोरडा पडला तर विषय संपला."

विषय संपला म्हणजे कायमचा, हे ताईला ठाऊक होतं. पाइप धरणाऱ्या बाईचं पहिलं म्हणणं फसलं, तर दुसरं ऐकायला कोण बसतंय?

त्यात गंमत अशी, की त्या विमानावरची मुख्य हवाई सेविका म्हणजे ताईची थोरली नणंद. सकाळी सहालाच शिडीखाली दोघींची जुंपली.

"वहिनी, हाताला साबण लावलेला माणूस नळाखाली हात धरून माझ्याकडे बघणार. तुझ्याकडे नाही."

"वन्सं, चोवीस लिटर शिल्लक धरलंय मी."

"चोवीस! आमचे बंधुराज एवढ्यात तोंडसुद्धा धूत नाहीत."

"ते कुठे येतायत? ते घरी झोपलेत."

विमान गेलं. दोन तासांनी परत आलं, तेव्हा ताई गाडीतून उतरण्याऐवजी उडीच मारून काट्याजवळ पोचली. एक्केचाळीस लिटर शिल्लक! तिनं मला लांबूनच चार बोटं आणि एक बोट दाखवलं. सामान चढवणाऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना काय कळलं होतं कोण जाणे, पण मारल्या.

दुसरी फेरी पाऊण तास उशिरा आली. साहेब स्वतः खाली आले होते. आतला एकही नळ कोरडा पडला नव्हता. त्यांनी पेन काढलं. "तिसरीची गरजच नाही. आण तो मंजुरीचा कागद."

ताई काट्यासमोरून हलेना.

"साहेब, एकशे अठ्ठावीस आहे."

"छान की! भरपूर उरलं."

"मी एकशे वीसच भरलं होतं."

विमानानं जाऊन येऊन आठ लिटर कमावलं होतं. साहेब पेन हवेत धरून उभे, आणि मी शिडीकडे बघत होतो, कारण नणंदबाई शिडीच्या चौथ्या पायरीवरच थबकल्या होत्या.

"वन्सं?"

"तिकडे उशीर झाला गं. माणसं तुंबलेली, पोरं रडतायत. मला घाम फुटला. तिकडच्या पाणीवाल्याला म्हटलं, भर काठोकाठ." त्यांचा आवाज खाली आला. "तुझं नाक कापलं जाऊ नये म्हणून केलं."

"नाक वाचलं हो. चाचणी बुडाली त्याचं काय?"

साहेबांनी घसा साफ केला. "हे बघ, कागदावर पाणी संपलं नाही एवढंच येणार. मी सही करतो. कुणाला कळतंय?"

मीही मनात तेच म्हणत होतो, खोटं कशाला सांगू? सही झाली असती, बत्तीस विमानांना हुकूम गेला असता. ताईनं मान हलवली.

"बत्तीसपैकी एखाद्यात खरंच संपलं तर? तेव्हा तिकडे काठोकाठ भरायला वन्सं असणार आहेत का? तिसरी फेरी होऊ द्या. एकशे वीस. तिकडे कुणी पाइप लावायचा नाही."

"विमान गच्च भरलंय," नणंद म्हणाल्या. "एक सीट रिकामी नाही."

"मग तर बरंच."

दुपारी अडीचला विमान उडालं. साडेचारला यायचं ते पावणेपाचला वर घिरट्या घालत होतं. धावपट्टी मोकळी नव्हती. ताई गाडीच्या पायरीवर बसे, उठे, पुन्हा बसे. "आत्ता कुणीतरी हात धुतोय," ती पुटपुटली. "धू बाबा, पण नळ बंद कर." साहेबांनी तिसरा चहा मागवला आणि प्यायलाच विसरले.

पाच वाजून दहा मिनिटांनी विमान जागेवर लागलं. दार उघडायच्या आत ताई काट्याशी. आम्ही मागून धावलो, साहेबसुद्धा, अख्खे ऐंशी किलो.

"सतरा!" ती ओरडली. "सतरा लिटर!"

नणंद शिडीवरून जवळजवळ घसरतच खाली आल्या. ताईनं त्यांचे दंड धरले.

"वन्सं, खरं सांगा. कुणाला हात धुताना अडवलं नाही ना?"

"अडवलं? अगं, वर घिरट्या सुरू झाल्यावर संडासापाशी रांग लागली. एकालाही जा म्हटलं नाही. उलट मीच दोनदा तोंड धुतलं, भीतीनं."

"आणि तिकडे पुन्हा काठोकाठ?"

"थोबाडीत देईन हं!"

साहेबांनी सही केली ती ताईच्या गाडीच्या बॉनेटवर. तारीख विचारायला मान वर केली, तर ताई जागेवर नव्हती. शेजारच्या थांब्यावर दुसरं विमान लागलं होतं. दुसरी पाण्याची गाडी तिथे पोचली होती, आणि ताई तिथल्या पाणीवाल्याच्या हातातला पाइप ओढत होती.

"बास, बास! एकशे वीस झालं!"