हरलेली तबकडी

"अहो, माफी मागायला निघालात की लग्नाला?"

आमचे हे आरशासमोर तिसऱ्यांदा टाय बांधत होते.

"थट्टा नको, फुमिए. आज शेवटचं घर. सेकिने आजी."

मग मीच ह्यांचा टाय सारखा केला. गेल्या आठवड्यात बातमी आली होती: चित्र उतरवायच्या दोन तबकड्यांच्या भांडणात ब्लू-रे जिंकली, एचडी डीव्हीडीची यंत्रं आता बनणार नाहीत. चित्र दोन्हींचं तितकंच स्वच्छ, पण एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रात चालत नाही. आणि आमच्या ह्यांनी आमच्या सानजो गावातल्या अकरा घरांत छातीठोकपणे नेमकं हरणारंच यंत्र बसवलं होतं! हायवेवरच्या मोठ्या दुकानात सगळं स्वस्त मिळतं. आमच्या गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानात लोक येतात ते ह्यांच्या शब्दाखातर. तो शब्दच फोल ठरला, तर दुकानात उरलं काय?

दहा घरी हे वाकून आले होते, प्रत्येक घरी योकानचा डबा देऊन. आझुकी या तांबड्या कडधान्याची ती गोड वडी विटेसारखी जड असते. हलका खाऊ घेऊन माफी मागू नये, असं माझे सासरे सांगत. दहाही घरांनी यंत्र बदलून घेतलं. पण सेकिने आजोबांनी ते ह्यांच्याशी तासभर बोलून, हौसेने घेतलं होतं आणि शरदात ते वारले. ह्यांचा धीर होईना, म्हणून मीही बर्फ तुडवत सोबत गेले.

दार उघडताच हे उंबऱ्यातच गुडघे टेकून वाकले.

"आजी, चूक माझी. नवं यंत्र आणून देतो, हे परत नेतो."

"उठा हो विजेवाले, पाठ धरेल!" आजी म्हणाल्या. "आधी हे बघा."

त्यांनी तबकडी लावली. गेल्या जूनची पतंगांची लढाई, टीव्हीवर दाखवली तेव्हा आजोबांनीच ह्या यंत्रावर उतरवून घेतलेली. षट्कोनी पतंग, ओरडणारी माणसं आणि दोरी ओढणारे आजोबा. जेमतेम दोन सेकंद. पण चित्र इतकं स्वच्छ, की कोपरावरचं ठिगळही दिसत होतं.

"ठिगळ मी लावलेलं. हे तुमच्या नव्या यंत्रात दिसेल?"

"नाही." ह्यांचा आवाज खाली गेला. "अशा तबकडीची नक्कलही काढता येत नाही."

"मग नेऊ नका."

"पण आजी, हे कधी ना कधी बंद पडेल."

"पडू दे की. तुम्ही याल ना दुरुस्तीला? आमच्या ह्यांनी तुमच्या शब्दावर घेतलं. आता तो शब्द मला द्या."

 हे पुन्हा वाकले. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

"आणि आलाच आहात, तर न्हाणीघरातला दिवा बदला," आजी म्हणाल्या.

दुकानात तीन न विकलेली यंत्रं कंपनीला परत पाठवायला बांधून ठेवलेली होती. परतताच ह्यांनी पत्त्याच्या चिठ्ठ्या फाडल्या आणि तिन्ही खोक्यांवर जाड ब्रशने लिहिलं: सेकिने.

"सुट्या भागांसाठी होतील," छताजवळच्या फळीकडे बघत हे म्हणाले.

"एक यंत्र दहा वर्षं चाललं, तर तिन्हींची तीस झाली. तुम्ही आत्ताच चौसष्ट वर्षांचे. चढाल का तोवर त्या फळीपर्यंत?"

"तू स्टूल धरलंस तर."

मी ॲप्रनला हात पुसले आणि स्टूल धरलं.