सुताराचा शिधा

"रिकामा हलवू नका हो!" बहिरू ओरडला आणि हातातला रंधा तसाच फळीवर टाकून पुढे आला.

इंदिरानगरातल्या नव्या बंगल्यांपैकी कुठल्याशा बंगल्यातले जोडपे होते. बाईंनी चटकन हात मागे घेतला, नवरा हसला. बहिरूने कोपऱ्यातला, फडक्यात गुंडाळलेला दगड उचलून पाळण्यात ठेवला आणि मगच दोरी ओढली. पाळणा मुकाट झुलू लागला. कडीचा आवाज म्हणून आला नाही.

"काय सुरेख काम आहे," बाई म्हणाल्या. "कुठे शिकलात?"

हा प्रश्न आज ना उद्या येतोच, हे बहिरूला पाठ झाले होते. उत्तरही पाठ होते.

"नाशिकरोडच्या जेलात. अकरा वर्षं होतो आत. सुतारकाम तिथंच शिकलो."

नवऱ्याचे हसू जागच्या जागी राहिले. "बरं, आम्ही विचार करून येतो," असे म्हणून त्याने बायकोला जवळजवळ ढकलतच स्कूटरवर बसवले. विचार करायला गेलेली माणसे बहुधा विचारच करत राहतात. बहिरूने दगड काढून पुन्हा कोपऱ्यात ठेवला.

शेजारच्या पत्र्याच्या शेडमधला वेल्डर हे सगळे ऐकत असे. "मिस्त्री," तो म्हणाला, "तुला धंदा करायचाय का कीर्तन? हे काय हात दाखवून अवलक्षण! कोण विचारतं रे तुला?"

"बाईंनी विचारलं ना."

"मग सांगायचं, बापाकडं शिकलो."

बाप मळ्यात मेथी-कोथिंबीर पिकवत होता, त्याच्या सात पिढ्यांत कुणी रंधा धरला नव्हता. पण अडचण ती नव्हती. सुटून आल्यावर बहिरूने हे शेड भाड्याने घेतले, तेव्हा पहिला पाळणा त्याने काही न सांगताच विकला होता. दोन महिन्यांनी गिऱ्हाईक तो टेम्पोत घालून परत घेऊन आले. त्यांना कुठून तरी कळले होते. पाळण्याच्या कठड्याला काजळाचा इवलासा डाग होता. खुर्ची परत आली असती, टेबल परत आले असते, तर त्याने सोसले असते. पण ज्यात लेकरू निजले तो पाळणा परत आलेला त्याला सोसेना. तेव्हापासून तो आधीच सांगून टाकी. गिऱ्हाईक गेले तर जाऊ दे, पाळणा तरी परत येत नाही.

तुरुंगात असताना त्याने कोर्टाची बाके केली होती, कचेऱ्यांची टेबले केली होती. बाहेर आल्यावर मात्र पाळण्यांशिवाय दुसरे काही करावेसे वाटले नाही. त्याला मूल नव्हते. तो आत गेला तेव्हा बायको कळवणला माहेरी गेली, ती गेलीच. रात्री शेडमध्ये तो आणि आढ्याला टांगलेले रिकामे पाळणे, एवढीच वस्ती.

गुन्हा म्हणाल तर पाण्याच्या पाळीचा. पाटाला पाणी आलेले, रात्रीची पाळी कुणाची यावरून चुलतभाऊ देवरामशी शब्दाला शब्द लागला आणि बहिरूच्या हातातल्या फावड्याचा दांडा देवरामच्या कानशिलावर बसला. एकच घाव. देवराम चिखलात पडला तो उठला नाही. त्याच्या मागे बायको लंकाबाई, पाच वर्षांची मुलगी आणि नुकते बोलू लागलेले पोरगे राहिले. त्या रात्रीला आता सतरा वर्षे झाली होती आणि बहिरू मळ्याकडे एकदाही फिरकला नव्हता. कोणत्या तोंडाने फिरकणार?

आणि एके सकाळी ते पोरगेच शेडच्या दारात येऊन उभे राहिले.

"मिस्त्री, पाळणा पाहिजे. सागाचा. बहिणीचं पहिलं बाळंतपण हाय, पुढच्या रविवारी बारसं. माहेरचा पाळणा लागतो ना."

"होईल की. पोचवायचा कुठं?"

"विधात्यांच्या मळ्यात. देवराम विधात्यांचं घर विचारा, कुणीबी दाखवंल. वडील नाहीत, पण नाव त्यांचंच चालतं." पोराने आपणहून सांगितले, "मी ललित. ओझरला लागलोय आत्ताच, फॅक्टरीत."

बोलता बोलता त्याने अंगठ्याने कानामागे खाजवले. देवरामही असाच खाजवायचा. बहिरू फळीवरचा भुसा झाडू लागला.

"काम लय भारी हाय तुमचं," पाळणे न्याहाळत ललित म्हणाला. "कुठं शिकला?"

वेल्डरने मान वळवून पाहिले.

"असंच," बहिरू म्हणाला. "बघून बघून."

त्याने आयुष्यात एवढ्या जिवाने काम केले नव्हते. साग स्वतः पारखून आणला. कठड्यावर राघू-मैना कोरल्या, लेकराचा हात जाईल तिथली एकूण एक कड पॉलिश पेपरने अशी घासली की तिच्यावरून तलम साडी ओढली तरी धागा अडकू नये. काम करताना तो खूश होता आणि खूश असल्याची लाजही वाटत होती. पाळणा त्या घराने घेतला म्हणजे आपले काही फिटले, असे समजण्याइतका तो खुळा नव्हता. तरी तो घेतला जावा, याखेरीज त्याला दुसरे काही नको होते.

रविवारी सकाळीच तो पाळणा घेऊन टेम्पोने निघाला. मळ्याच्या वाटेवर त्याने पाटाची ती जागा शोधली. पाट कुठेच नव्हता. तो बुजवून वर डांबरी रस्ता झाला होता, दोन्ही बाजूंना प्लॉट पडले होते. ज्या पाण्यावरून माणूस गेला ते पाणीही गेले होते.

ललितने त्याला ओटीवर स्टूल दिले. बहिरू स्लॅबच्या हुकाला साखळ्या अडकवत होता तेव्हा मागून आवाज आला, "मिस्त्री, च्या घ्या."

तो वळला. लंकाबाई कपबशी घेऊन उभी होती. केस पिकलेले, कपाळ मोकळे. त्या कपाळाकडे त्याला बघवेना. तिने कपबशी हळूच खाली ठेवली.

"ललित," ती म्हणाली, "मंडपवाल्याकडनं सतरंज्या आन जा."

"आई, दुपारी आणतो ना."

"आत्ता जा."

पोराची मोटारसायकल लांब जाईपर्यंत ती थांबली.

"तूच का?"

"हो, वहिनी."

"वहिनी म्हणू नको." तिचा आवाज चढला नाही. "पोराला ठाऊक हाय?"

"नाय. दुसऱ्या समद्यांना सांगतो. त्याला नाय सांगितलं."

"का?"

"सांगितलं असतं तर त्यानं दुसरीकडून नेला असता."

लंकाबाईने पाळण्याकडे पाहिले.

"काढून नेतो," बहिरू म्हणाला. "बारशाच्या आत बाजारातला दुसरा आणून टांगतो."

ती आत निघून गेली. उत्तर मिळाले, असे समजून बहिरूने साखळीला हात घातला. कडी निघता निघेना. तेवढ्यात ती परत आली. तिच्या हातात बाळाची कुंची घातलेला वरवंटा होता. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात घालतात, तो.

"थांब," ती म्हणाली. "रिकामा नाय हलवत."

तिने वरवंटा पाळण्यात निजवला, कुंची नीट केली आणि दोरी ओढली. पाळणा झुलू लागला. ती बराच वेळ झुलवत राहिली.

"दुपारी सवाष्णी येतील," तिने बहिरूकडे न बघता सांगितले. "मग मला पुढं येता यायचं नाय. नातीला पाळण्यात दुसऱ्याच घालतील. मी चुलीपासून बघणार."

हे कुणामुळे, ते तिने म्हटले नाही. बहिरू भिंतीला टेकून खाली बसला. अकरा वर्षांची शिक्षा त्याने भोगली होती. ही शिक्षा दुसरेच कुणी भोगत होते आणि तिला सुटकेची तारीख नव्हती.

"कडी वाजत नाय," दोरी सोडत लंकाबाई म्हणाली.

"नाय वाजायची."

"राहू दे मग."

तिने वरवंटा उचलून छातीशी धरला आणि आत नेला. बाहेर आली ती सूप घेऊन. सुपात तांदूळ, डाळ, गूळ, वर नारळ.

"मजुरी पोरगा देईल. हा शिधा. आपल्यात पाळणा टांगणाऱ्याला देतात."

"मला नको. मी कसा…"

"घे. सुतार म्हणून देते. दीर म्हणून नाय. दिराला द्यायला माझ्याकडं काय नाय."

बहिरूने खांद्यावरचे उपरणे पसरले. तिने सूप ओतले.

"पोराला मी सांगंल, माझ्या वेळेनं. तू जा आता. परत येऊ नको."

"नाय येणार."

शेडवर पोचला तेव्हा वेल्डर जेवण आटोपून बिडी ओढत बसला होता. "काय मिस्त्री, घेतला का पाळणा?"

"घेतला."

बहिरूने स्टोव्ह पेटवला नाही. शिध्याचे गाठोडे खाली ठेवले तर उंदीर सोडायचे नाहीत, म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिले. आढ्याला एक नवा पाळणा टांगलेला होता, पॉलिश व्हायचे बाकी असलेला. त्याने गाठोडे त्यात ठेवले. शेजारी बसून, सवयीने, दोरी ओढली.

पाळणा झुलला. कडी जराशी वाजली. दोनतीन झोके त्याने नुसते ऐकले, मग उठून तेलाची कुपी शोधायला लागला.