भोंग्याचं मौन

या, असे जवळ सरका. पंखा जरा कमी करा, म्हणजे शब्द उडून जायचे नाहीत. आज एका बोलघेवड्या बाईची गोष्ट सांगायची आहे. गंमत अशी, की या गोष्टीत ती बाई बराच वेळ तोंडातून अक्षरही काढत नाही.

बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणारी ही बाई. अठरा वर्षांची नोकरी. ड्रायव्हर मंडळींनी लाडाने नाव ठेवलं होतं, भोंगा. स्थानकावर प्रवाशांशी, घरी भांड्यांशी आणि मधल्या रस्त्यात देवाशी, तिची टकळी अखंड चालू. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत वरची पट्टी तिचीच. अन् घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी ती काढली आणि बजावलं, "पंधरा दिवस मौन. कुजबुजसुद्धा नाही."

तिने पाटीवर लिहिलं, 'आवाज येईल ना?'

"सोळाव्या दिवशी बघू. ते माझ्या हातात नाही, बाई."

"पंधरा दिवस घरात शांतता!" नणंद म्हणाली. "वहिनी, देवाने माझं गाऱ्हाणं ऐकलं हो!" पण वहिनीचे डोळे भरलेले दिसले, तशी तिनेच पुढे होऊन तिचा हात धरला.

त्या दिवसापासून भोंग्याने मनातल्या मनात देवाचा पिच्छा पुरवला. आवाज येईल का? सांग ना. देव गप्प. मग तिने खूण मागितली, सकाळची पहिली गाडी वेळेवर आली तर आवाज येणार. आता सांगा, अठरा वर्षं स्थानकावर काढलेल्या बाईने असली खूण मागावी? गाडी बावीस मिनिटं उशिरा आली. दुसऱ्या दिवशी एकतीस. भोंग्याने जेवण सोडायचं तेवढं बाकी ठेवलं.

घोषणा बंद, म्हणून स्थानकाच्या साहेबांनी तिला पाटी घेऊन चौकशीच्या खिडकीत बसवलं होतं. अकराव्या दिवशी तिथे एक म्हातारी आली. लेकीचे दिवस भरत आलेले, म्हातारीला तिच्याकडे पोचायचं होतं.

"आली का गं गाडी?"

भोंग्याने पाटी दाखवली, 'बोलायची मनाई आहे.'

"मला मेलीला वाचता कुठे येतं! आली का?"

गाडीचं चाक वाटेत पंक्चर झालं होतं, ते बदलून गाडी निघालीही होती. भोंग्याला फोनवरून सगळं कळलं होतं. पण गाडीने शेवटचा नाका ओलांडल्याशिवाय घोषणा करायची नाही, हा तिचा स्वतःचा नेम, म्हणून तिने खुणेनेही काही सांगितलं नाही. एकदा घाई केली होती, तर माणसं सामान घेऊन तासभर उन्हात ताटकळली होती.

"तुला ठाऊक आहे, तू मुद्दाम सांगत नाहीस," म्हातारी रुसून म्हणाली.

भोंगा खिडकीतून उठली, म्हातारीला पाणी दिलं, तिचं गाठोडं मांडीवर घेऊन शेजारी बसली. आणि बसल्या बसल्या तिच्या काळजात लख्ख झालं. अगं बाई! गाडी निघालेली असतानाही सांगणारा गप्प असतो. माझ्यासारखाच, मायेने गप्प.

अकरा दिवसांत पहिल्यांदा तिने देवाला काही विचारलं नाही. मनात एवढंच म्हणाली, 'मी इथेच आहे रे.' त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

सोळाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "हं, बोला."

"आ..."

"अगं बया, हा कोण बोलला?" नणंद उडालीच.

आवाज आला होता, पण जाडाभरडा, चांगला खालच्या पट्टीतला. वरची पट्टी गेली ती गेलीच, डॉक्टर म्हणाले. भोंगा तिथेच रडली, पोटभर. मग जाड्या आवाजातच म्हणाली, "चला, घोषणा तर करता येतील."

त्या संध्याकाळी प्रार्थनेत तिने खालून सूर धरला. वर्षानुवर्षं मागे नुसते ओठ हलवणारे म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. हा सूर त्यांना झेपत होता! एकेक घसा मोकळा झाला आणि खोली अशी काही भरली, की काय सांगू!

आता एकच विनंती. सोळाव्या दिवशी ती डॉक्टरांकडून निघाली तेव्हा दाराबाहेर एक मास्तर बसले होते, गळ्यात कोरी पाटी अडकवून. त्यांचा मौनाचा पहिलाच दिवस. त्यांचं पुढे काय झालं, अजून कळलेलं नाही. भोंगा रोज त्यांच्यासाठी हात जोडते. तुम्हीही आज जोडाल तेव्हा त्यांची आठवण ठेवा. नाव माहीत नाही, पण नुसतं 'दाराबाहेरचे मास्तर' म्हटलंत तरी चालेल. देव त्यांच्यापर्यंत बरोबर पोचतो.