येस्कासांच्या घरचा हात

एलादियो येस्कासने हात वर केला. सभा चालवणारे मेलितोनकाका ग्रामसभेतली मतं मोजत बाकांमधून येत होते. ते एलादियोपाशी आले आणि त्याच्याकडे न बघता पुढे सरकले.

वाहाका राज्याच्या विधिमंडळात एलादियोने भल्याभल्यांची बोलती बंद केली होती. राज्याचं बांधकाम खातं त्याच्याकडे असताना या डोंगरात डांबरी रस्ता आला होता. आता तो मेक्सिकोच्या सिनेटमध्ये बसत होता. आणि त्याच्याच गावात त्याचा हात कुणी मोजायला तयार नव्हतं.

"काका, माझा राहिला."

"राहिला नाही, मी सोडला," मेलितोनकाका म्हणाले. "तू तोपिल कधी झालास रे?"

सभेत खसखस पिकली. तोपिल म्हणजे गावचा शिपाई. चावडी झाडायची, निरोप पोचवायचे, दंगा करणाऱ्या दारुड्यांना कोठडीत टाकायचं. मिसरूड फुटलं की गावातला प्रत्येकजण वर्षभर ही चाकरी करतो, तीही बिनपगारी, आणि मगच सभेत त्याच्या हाताला किंमत येते. एलादियो त्या वयात शहरात कायदा शिकत होता.

"माझ्या जागी क्रेसेन्सियो राबला की! चुलतभाऊच ना माझा?"

"मग क्रेसेन्सियोचा हात मोजतोच आहोत आम्ही."

आता सभा खो-खो हसली. मागच्या बाकावर बसलेली त्याची आई, चोना, तेवढी हसली नाही. घरी आल्यावर तिने प्यायच्या गरम चॉकलेटचा वाडगा त्याच्यापुढे आदळला.

"तुझा बाप गेल्यापासून आपल्या घरचा हात मोजलेला नाही कुणी. तू तिकडे खुशाल देशाचे कायदे कर. मी इथे मान खाली घालून बसते."

एलादियोने वाडगा बाजूला सारला. एवढ्या निवडणुका जिंकल्या, पण इतकी शरम त्याला कधी वाटली नव्हती.

जानेवारीत त्याने सिनेटमधून रजा घेतली आणि झाडू हातात धरला. राज्यातले पक्षाचे पुढारी उबाल्दोसाहेब फोनवर कडाडले, "वेड लागलंय का तुला? गव्हर्नरकीची उमेदवारी दारात येऊन उभी आहे आणि तू झाडू मारणार?"

"दारात उभी आहे ना, साहेब? मग तिथलंही झाडून घेतो."

उमेदवारी दुसऱ्याला गेली. त्याचं त्याला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं, उगाच कशाला खोटं बोला. सुरुवातीला फोटोवाले आले, झाडूवाला सिनेटर म्हणून छापून मोकळे झाले आणि पुन्हा फिरकले नाहीत. झाडू मात्र रोज होताच. बरोबरचे तोपिल त्याच्या पोराच्या वयाचे. ते त्याला आजोबा म्हणायचे आणि चावडीचा जिना मुद्दाम त्याच्या वाट्याला ठेवायचे.

मग गावच्या संताची जत्रा आली. नव्या उमेदवाराला घेऊन उबाल्दोसाहेब पाहुणे म्हणून आले, गावची मेस्कल दारू त्यांना फारच गोड लागली, आणि भर नाचात त्यांनी पिस्तूल काढून आभाळात बार काढला. बँडवाल्यांचे कर्णे गप्प झाले. आयाबायांनी पोरं पोटाशी धरली.

"तोपिल!" मेलितोनकाकांनी हाक दिली.

एलादियो पुढे झाला. आधी पिस्तूल काढून घेतलं, मग साहेबांचा दंड धरला.

"एलादियो! मी कोण आहे, विसरलास?"

"विसरेन कसा, साहेब? जरा वाका, कोठडीचं दार ठेंगणं आहे."

उबाल्दोसाहेब जन्मात कुणापुढे वाकले नव्हते. ठण्णकन आवाज झाला. सगळ्या चौकाने टाळ्या पिटल्या आणि कर्णे दुप्पट जोराने वाजू लागले.

सकाळी, गावच्या रिवाजाप्रमाणे, कैद्याने चौक झाडायचा होता. एलादियोने आपला झाडू त्यांच्या हातात दिला. "कोपऱ्यापासून घ्या, साहेब. मधूनच सुरू केलं की कचरा पसरतो." टेंगूळ चाचपत साहेबांनी झाडलं. आजोबा म्हणणारे तोपिल त्या दिवशी जिना आपणहून झाडायला गेले.

वर्षअखेरीला ग्रामसभा भरली. "आणखी काही विषय?" मेलितोनकाकांनी विचारलं. एलादियोने हात वर केला.

काका त्याच्याकडे बघत राहिले. "बोल, एलादियो."

राजधानीत एलादियो तासन् तास बोलायचा. मोठं भाषण ठरवून आला होता, पण त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ.

"कोठडीचं दार वीतभर उंच करू या," तो म्हणाला. "मोठ्या माणसांची अडचण होते."

सभा हसून लोटपोट झाली, आणि ठराव मताला आला. हात वर गेले. मेलितोनकाका बोटाने मोजत बाकांमधून आले. एलादियोपाशी त्यांचं बोट थांबलं.

"येस्कास," ते म्हणाले.

"मोठ्यानं म्हणा, मेलितोन!" मागच्या बाकावरून चोना ओरडली. "मला हल्ली ऐकू कमी येतं."

चोनाचे कान किती तिखट आहेत ते गावात सगळ्यांना माहीत होतं, मेलितोनकाकांनाही. त्यांनी टोपी काढली, छाती भरून श्वास घेतला आणि चावडीबाहेर चौकातही ऐकू जाईल असं पुन्हा म्हटलं.